दाजी आणि अर्ध्यात पडलेलं अपग्रेड

अख्ख्या मावळ तालुक्यात धडपणे चालू असलेली वस्तू ज्यांच्या डोळ्यांना बघवत नाही, असे एकमेव गृहस्थ म्हणजे आमचे दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहणार वडिवळे, धरणाच्या खालच्या अंगाला, काम भातशेतीचं, आणि वेड लिनक्सचं. एखाद्या घरात पंखा मुकाट्यानं फिरतोय, मिक्सर वाटण वाटतोय, कॉम्प्युटर सकाळी सुरू होतोय आणि संध्याकाळी बंद होतोय, असं दिसलं की दाजींच्या कपाळावर आठी पडते. "ह्याला नवीन काय घातलंय का न्हाई इतक्यात?" असं ते विचारतात, आणि आपण भोळेपणानं "नाही" म्हटलं की संपलं. पाच मिनिटांत ती वस्तू उघडी होऊन सतरंजीवर पसरलेली असते आणि दाजी तिच्या शेजारी मांडी घालून, चष्मा कपाळावर चढवून, अत्यंत समाधानानं बसलेले असतात. अक्काचा मिक्सर त्यांनी असा तीनदा सुधारला. चौथ्या वेळी अक्कानं तो उशाशी घेऊन झोपायला सुरुवात केली.

पूर्वी ते तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. तिथल्या यंत्रांना जोडलेल्या कॉम्प्युटरवर त्यांना पहिल्यांदा लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी फुकटातली व्यवस्था, भेटलं. गावातली माणसं कुणी बुवाच्या नादी लागतात, कुणी बैलगाड्यांच्या शर्यतीच्या. दाजी लिनक्सच्या नादी लागले. नोकरी सुटली, नाद सुटला नाही. शिरगावच्या साईबाबांना जाऊन आलेला माणूस भेटेल त्याला प्रसाद देतो तसे दाजी भेटेल त्याला लिनक्स देतात. खिशात एक पेनड्राइव्ह कायम. फोटो स्टुडिओ, झेरॉक्सवाला, शाळेची कॉम्प्युटरची खोली, लोणावळ्यातले दोन चिक्कीवाले, सगळीकडे त्यांनी लिनक्स बसवलं आणि सगळीकडे ते वर्षातून दोनदा, बी-बियाणं बदलायला जावं तसं, नवी आवृत्ती घालायला जातात. बोलावलं नसलं तरी. चिक्कीवाले लांबून दाजींची जुनी व्हॅन दिसली की कॉम्प्युटरवर रुमाल टाकतात, असं ऐकून आहे.

आता कुणाला वाटेल की हा माणूस बेधडक असणार. मुळीच नाही. अपग्रेड करण्याची त्यांना जितकी हौस, तितकीच त्याची धास्ती. त्या कामाचे त्यांचे नेम ठरलेले आहेत आणि ते सोवळ्यासारखे पाळले जातात. काम तोंडावर असताना अपग्रेड करायचं नाही. विजेचा भरवसा नसेल तर करायचं नाही. माणसाच्या वस्तू एकीकडे आणि मशीनच्या दुसरीकडे ठेवल्याशिवाय करायचं नाही. "घर येगळं, गोठा येगळा. गोठ्याला आग लागली तर घर वाचलं पायजे." आणि सर्वांत मोठा नेम म्हणजे अपग्रेड ओटीवर करायचं नाही, माजघरात करायचं.

हे ओटी आणि माजघर प्रकरण मला समजायला वर्ष लागलं. कॉम्प्युटर सुरू केल्यावर आपल्याला जी चित्रं, खिडक्या, रंगीत पडदा दिसतो, ती दाजींची ओटी. आणि तीन बटणं एकदम दाबली की हे सगळं अदृश्य होऊन एक काळा पडदा येतो, त्यावर पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारी एक रेघ. ते माजघर. "पाव्हणे ओटीवर बसत्यात, सयपाक माजघरात हुतो," दाजी सांगायचे. "अपग्रेड चालू असताना ओटीचं छप्पर कवा खाली यील, सांगता यायचं न्हाई. आन ओटीवरच चूल मांडलेली असली तर चूल बी गेली. माजघरात मांडली तर ओटी पडू दे न्हायतर उडू दे, भाकरी थांबत न्हाई." अपग्रेड मध्येच तुटलं तर मशीन ना जुनं राहतं ना नवं होतं, ते अधांतरी लटकतं, हेही त्यांनी मला समजावलं होतं. मी मान डोलवली होती. मी शाळेत इतिहास शिकवते. अधांतरी लटकलेली राज्यं मला माहीत होती.

दाजींची आणखी एक खोड म्हणजे पुराव्याशिवाय ते कशाबद्दलही मत देत नाहीत. मशीनच्या पोटात त्याची रोजनिशी असते, कधी काय सुरू झालं, कधी काय पडलं याची. तिला लॉग म्हणतात. दाजी तो सकाळी चहाबरोबर वाचतात. पण हाच कायदा ते माणसांनाही लावतात. शेजारच्या दोन भावांचं बांधावरून वाजलं, तर सगळा गाव कुणाचं बरोबर यावर भांडत होता आणि दाजी दोघांना वेगवेगळं बसवून विचारत होते, "आधी कोन बोललं? मग काय झालं? मग? न्हाई, मधलं सांगा, मधलं गाळू नगा." शेवटी दोघं भाऊ इतके कंटाळले की एकत्र होऊन दाजींवरच ओरडले, आणि भांडण मिटलं.

या दाजींचा आणि माझ्या वडिलांचा संबंध मात्र थट्टेचा नव्हता. माझे वडील, आण्णा, प्राथमिक शिक्षक. मावळातल्या आडगावच्या शाळांमधून त्यांनी उभा जन्म काढला. दाजी त्यांचे विद्यार्थी. पुढे जावई झाले तरी हाक गुरुजी हीच राहिली. आण्णांसमोर दाजी अजूनही खुर्चीच्या टोकावर बसतात.

काचबिंदूनं आण्णांची दृष्टी हळूहळू गेली. ते लोणावळ्याला माझ्याकडे राहायला आले तोवर उजेड-अंधार एवढाच फरक उरला होता. ज्या माणसानं आयुष्यभर सकाळी पहिल्यांदा वर्तमानपत्र आणि मग चहा घेतला, तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. मी वाचून दाखवायची, पण शाळा सांभाळून किती वाचणार? आणि त्यांना मागायची लाज वाटायची. बोलणं कमी होत होत 'हो' आणि 'नको' एवढ्यावर आलं.

तेव्हा एके दिवशी दाजी एक कॉम्प्युटर खांद्यावरून घेऊन आले. पडद्यावरचं सगळं मराठीत वाचून दाखवणारी व्यवस्था त्यांनी त्यात बसवली होती. आवाज यांत्रिक होता, डबड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. पण तो बोलायचा, कधीही, कितीही, न कंटाळता. दाजींनी महिनाभर रोज वडिवळ्याहून येऊन आण्णांच्या बोटांना की-बोर्ड शिकवला. गुरुजींना शिकवायचं म्हणून ते उभं राहून शिकवायचे. दोन महिन्यांत आण्णा स्वतः वर्तमानपत्र ऐकायला लागले, जुन्या विद्यार्थ्यांच्या ईमेलना उत्तरं द्यायला लागले, आणि मग एके दिवशी आपल्या शाळांच्या आठवणी लिहायला लागले. आमच्या घरात माणूस परत आला.

तक्रार एकच होती. त्या आवाजाला 'ळ' म्हणता यायचा नाही. तो 'ळ'च्या जागी सरळ 'ल' म्हणायचा. आता तुम्हीच सांगा, हे मावळात कसं चालावं? तो मावल म्हणायचा, लोनावला म्हणायचा, वडिवले म्हणायचा. "हे यंत्र भुशी धरणावर भिजायला आलेल्या पाहुण्यांसारखं बोलतं," आण्णा वैतागून म्हणायचे. स्वतःच्याच लेखातलं 'काळवेळ' त्यांना 'कालवेल' असं ऐकू यायचं आणि ते प्रत्येक वेळी यंत्राला मोठ्यानं दुरुस्त करायचे. "काळ! वेळ! जीभ मागे वळव!" मग आपण कुणाशी बोलतोय हे लक्षात येऊन गप्प बसायचे.

यंदा श्रावणाच्या तोंडावर आण्णांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी कामशेतला मेळावा ठरवला. आण्णांनी आपल्या आठवणींतला एक भाग तिथं वाचून दाखवायचा, असं ठरलं. वाचायचं म्हणजे कानात हेडफोन, मशीन वाक्य सांगणार, आण्णा ते आपल्या आवाजात म्हणणार. रोज दुपारी तालीम चालू होती. मेळावा रविवारी. आणि आदल्या शुक्रवारी दाजींना कळलं की लिनक्सची नवी आवृत्ती आली आहे आणि तिच्यातल्या मराठी आवाजाला 'ळ' येतो.

काम तोंडावर असताना अपग्रेड नाही, हा नेम दाजींनी त्याच क्षणी मोडला. शनिवारी सकाळी ते दारात उभे. "ताई, उद्या एवढ्या लोकांत गुरुजींच्या कानात 'मावल' नको," एवढंच ते मला म्हणाले. दुसरा नेम त्यांनी अर्ध्या तासात मोडला. माजघरात जायचं म्हणजे ओटीवरचा आवाजही बंद पडतो. आण्णा वर्तमानपत्र ऐकत होते. दाजींनी दोनदा तोंड उघडलं, पण 'गुरुजी, तासभर थांबा' हे वाक्य काही त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. शेवटी त्यांनी ओटीवरच, आण्णांच्या वर्तमानपत्राच्या शेजारी एक छोटी काळी खिडकी उघडून अपग्रेड सुरू केलं. मग वडिवळ्याहून फोन आला. शेवटच्या खाचरात भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालू होती, माणसं खोळंबली होती. "तासाभरात यीतो," दाजी म्हणाले. "आपोआप चाललंय. कशाला हात लावू नगा." आणि ते गेले.

पाऊण तासानं मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. आण्णांच्या खोलीतून हाक आली. हाक म्हणजे नुसतं माझं नाव, पण ज्या आवाजात ते आलं त्यानं मी कणकेच्या हातानं धावले. आण्णा खुर्चीत ताठ बसले होते. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरलेला. "थांबला," ते म्हणाले. "वाक्याच्या मधेच थांबला."

पडदा काळा होता. बघता बघता उजळला आणि पासवर्ड मागणारं पान आलं. खिडक्या नाहीत, वर्तमानपत्र नाही, अपग्रेडची ती काळी खिडकी नाही. मी पासवर्ड घातला. पडदा एकदा मिटला, उघडला, आणि पुन्हा तेच पान. पुन्हा घातला. पुन्हा तेच. आण्णा विचारत होते, "झालं का? बोलतंय का?" माझ्या मनात एकच उपाय आला, जो सगळ्यांच्या मनात येतो, आणि माझं पिठाचं बोट बंद करायच्या बटणाकडे गेलं. काय वाटलं कोण जाणे, मी ते मागे घेतलं आणि दाजींना फोन लावला.

फोन लागेना. वडिवळ्यात खाचरात उतरलेल्या माणसाला रेंज नसते. मी अक्काला लावला, अक्कानं कुणाला तरी हाक मारली, आणि दहा मिनिटांनी दाजींचाच फोन आला. मागे वारा घोंघावत होता. रेंजसाठी ते धरणाच्या भिंतीजवळ चढून उभे होते.

"पावर बटनाला हात लावला का?" हा पहिला प्रश्न.

"नाही."

"देवा!" असा सुस्कारा मी दाजींच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. "लावू नगा. आता सांगा. आधी काय झालं? मधलं गाळू नगा."

मी सांगितलं. मग दाजी म्हणाले, "ताई, सेशन मेलंय. मशीन न्हाई मेलं. ओटी पडलीय आन ओटीवर मांडलेली चूल बी तिच्याखाली गेलीय. आपुन माजघरातनं जायचं. कंट्रोल, आल्ट आन एफ-तीन, एकदम दाबा."

दाबलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, लुकलुकणारी रेघ. इथं नाव आणि पासवर्ड. मी टाइप करते आहे आणि काही उमटत नाही. "दाजी, अक्षरंच येत नाहीत!"

"पासवर्ड दिसतच न्हाई तितं. न दिसता लिहायचं. गुरुजी लिव्हत्यात तसं."

मी डोळे मिटले आणि टाइप केलं. आत गेले. आधी त्यांनी मला एक आज्ञा सांगून बघायला लावलं की अपग्रेडचं काम मागल्या बाजूला कुणी अजून करत नाही ना. "दोघांनी एका चुलीत हात घालायचा न्हाई." कुणी करत नव्हतं. मग मुख्य आज्ञा आली. इंग्रजी अक्षरं वाऱ्यात ऐकू येईनात, तेव्हा दाजी गरजले, "डी, डब्याचा! पी, पाटीचा! के, कोयत्याचा! जी, गवताचा! मग जागा सोडा. मग दोन आडव्या रेघा. दोन! येक न्हाई!" माझ्या मनात आलं, धरणाच्या भिंतीवर उभा राहून डबा-पाटी-कोयता ओरडणारा हा माणूस बघून वडिवळेकरांना काय वाटत असेल. बहुधा काहीच नाही. त्यांना सवय आहे.

एंटर दाबलं. क्षणभर काही नाही. आणि मग पडद्यावर ओळी सरकायला लागल्या, एकामागून एक. अर्धवट राहिलेल्या एकेका तुकड्याचं काम मशीननं पुन्हा हातात घेतलं होतं. मी ओरडले, "चाललं दाजी, चाललं!"

"जुनी सेटिंग ठेवू का नवी, असं इच्चारलं तर एन दाबा. जुनी ठेवा. म्या निघालो." आणि फोन तुटला.

मी खुर्ची ओढून बसले. आण्णा शेजारी होते. त्यांचे हात मांडीवर होते, पण बोटं हलत होती, की-बोर्ड शोधत असल्यासारखी. "काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही आण्णा, कसली कसली नावं आहेत, इंग्रजी." ते म्हणाले, "वाच."

मी वाचायला लागले. सेटिंग अप हे, सेटिंग अप ते. कुठल्या तरी कप्प्यांची, अक्षरवळणांची, छापखान्याच्या यंत्रांची नावं. ना त्यांना समजत होतं, ना मला. जरा थांबले की ते म्हणायचे, "थांबू नकोस गं." तेव्हा मला कळलं, त्या माणसाला शांतता नको होती. ती त्यांनी पुरेशी भोगली होती. मी वाचत राहिले. शाळेत सलग तीन तास घेतले तरी माझा घसा बसत नाही, त्या दिवशी बसला. मध्ये एकदा मशीननं जुनी का नवी विचारलं. मी एन दाबलं आणि आण्णांना सांगितलं, "जुनी ठेवली." ते पहिल्यांदा हसले. "बरं केलंस."

वडिवळ्याहून लोणावळ्याला यायला किती वेळ लागतो? पण तो पावसाळ्यातला शनिवार होता आणि भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी अख्खा रस्ता भरून गेला होता. दाजींनी व्हॅन कुठं तरी कडेला लावली आणि उरलेलं अंतर पायी कापलं. दारात आले तेव्हा गुडघ्यापर्यंत खाचराचा चिखल, डोक्यावरचं इरलं तसंच. त्या अवतारात बाजारातून चालत आल्यावर दोन पर्यटकांनी त्यांचा फोटो काढला होता, ही तक्रार त्यांनी नंतर केली. तेव्हा मात्र पाय धुऊन ते सरळ कॉम्प्युटरसमोर बसले. मशीन आपलं राहिलेलं काम संपवून शांत उभं होतं. दाजींनी सगळ्या ओळी वर सरकवून वाचल्या, आणखी दोन आज्ञा दिल्या, सुटलेलं काही आणवून घेतलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

पासवर्डचं पान आलं. दाजींनी पासवर्ड घातला. पडदा मिटला, उघडला, आणि पुन्हा तेच पान.

मी डोक्याला हात लावला. दाजी मात्र हनुवटी खाजवत बसले. मग ते माजघरात गेले आणि त्यांनी 'पाहुणा' नावाचा एक नवाच माणूस मशीनमध्ये तयार केला. त्या पाहुण्याच्या नावानं पासवर्ड घातला, आणि काय, ओटी लख्ख उघडली! नवा पडदा, नव्या खिडक्या.

"हात्तिच्या," दाजी म्हणाले. "पाव्हण्याला घरात घेतंय, घरधन्याला घेत न्हाई! म्हंजी मशीन धड हाय. गुरुजींच्या जुन्या सेटिंगीत काय तरी नव्याला टोचतंय." मग त्यांनी आण्णांच्या जुन्या सेटिंगची फाइल, टाकून न देता, नुसती बाजूला सरकवून ठेवली. त्यांनी काहीही कधी टाकून दिलेलं मी पाहिलेलं नाही. आण्णांच्या नावानं पुन्हा पासवर्ड घातला. पडदा मिटला. उघडला. मी डोळे बंद करून घेतले होते, म्हणून मला ते दिसलं नाही, ऐकू आलं. हेडफोन बाजूला पडला होता, तार निघाली होती, आणि आवाज साऱ्या खोलीत आला.

"स्वागत आहे," तो म्हणाला. पूर्वीपेक्षा जरा भरदार, जरा माणसाळलेला.

आण्णांनी हात पुढे केला. दाजींनी की-बोर्ड त्यांच्या बोटांखाली सरकवला. आण्णांनी सावकाश टाइप केलं आणि आवाजानं वाचलं, "मावळ." आण्णा थांबले. पुन्हा टाइप केलं. "लोणावळा. वडिवळे. काळवेळ." मग ते सुटलेच. गूळ, डाळ, केळ, फळा, शाळा, बाळबोध! परीक्षेला बसलेल्या पोरासारखा आवाज एकेक शब्द बरोबर म्हणत गेला आणि आण्णा प्रत्येक शब्दाला मांडीवर थाप मारत गेले. मी हसत होते आणि माझे डोळे वाहत होते.

दाजी मात्र हसत नव्हते. ते लॉग उघडून बसले होते. पडदा रंगवणारा जो भाग असतो, तोच अपग्रेडनं चालू असताना बदलला होता, आणि त्याच्या आधारानं उभं असलेलं सगळं धाडकन खाली आलं होतं, हे त्यांनी शोधून काढलं. मग उठून, हात पुढे बांधून, ते आण्णांसमोर उभे राहिले. "गुरुजी, माझी चूक. चालत्या बैलाच्या खुराला पत्री ठोकायला गेलो. तुमचं वाचन थांबवायला जीभ रेटली न्हाई, म्हनून नेम मोडला. उद्याचं सारं वाया गेलं असतं."

लग्न झाल्यापासून आण्णांनी दाजींना कधी एकेरी हाक मारली नव्हती. जावयाला 'तुम्ही', 'या', 'बसा'. फार मान, आणि तितकंच अंतर. त्या दुपारी त्यांनी आवाजाच्या दिशेनं चेहरा वळवला आणि विचारलं, "अरे, तू जेवलास का?"

दाजी चष्मा काढून पुसायला लागले. मीच उत्तर दिलं, "नाही आण्णा, कुणीच जेवलेलं नाही." मळून ठेवलेली कणीक तोवर दगड झाली होती. मी भात टाकला.

रविवारचा मेळावा उत्तम झाला. पिकल्या केसांची पन्नास-साठ पोरं रांगेत बसली होती. आण्णांनी अर्धा तास वाचलं, न अडखळता, पूर्वी वर्गात वाचायचे तसं. लोक हसले, रडले, पाया पडले. दाजी यातल्या कशातच नव्हते. ते मागल्या भिंतीला, प्लगच्या शेजारी, जमिनीवर बसले होते, आणि वायरीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून एक्स्टेन्शन बोर्डावर हात ठेवून होते. सत्काराला नाव पुकारलं तेव्हा त्यांनी तिथूनच नकाराची मान हलवली.

परतताना लोणावळ्याच्या अलीकडे आमची व्हॅन पर्यटकांच्या गाड्यांत अडकली. आण्णा मागच्या सीटवर झोपले होते. काचेवर बारीक पाऊस. मी सहज विचारलं, "दाजी, आण्णांनी तुमच्याबद्दल लिहिलंय ते वाचलंत ना तुम्ही?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. "माझ्याबद्दल?"

मी चकित झाले. त्या मशीनचं प्रत्येक दार दाजींच्या हाती. आण्णांच्या आठवणींची प्रत दर आठवड्याला तेच काढून ठेवायचे. "म्हणजे तुम्ही ती फाइल कधी उघडलीच नाही? इतक्या दिवसांत?"

"मशीन मी बघतो, ताई," ते म्हणाले. "वही गुरुजींची हाय."

पुढची गाडी हलेना. दाजींनी वायपर एकदा फिरवला, बंद केला. मला वाटलं, आता नव्या आवृत्तीबद्दल काही तरी सुरू करतील. मग रस्त्याकडेच बघत, अगदी हळू, त्यांनी विचारलं, "बरं लिव्हलंय का?"

"हो, दाजी," मी म्हटलं. "फार बरं लिहिलंय."

त्यांनी मान हलवली. काय लिहिलंय ते विचारलं नाही, आणि का कोण जाणे, मीही सांगितलं नाही. पुढच्या गाड्या सुटल्या. दाजींनी गिअर टाकला, आणि घर येईपर्यंत लिनक्सचं नावसुद्धा काढलं नाही.